इंगळे मॅडमची निळी पाने

भाईंदर पूर्वेच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात सहकाऱ्यांना नावे असतात, ही गोष्ट इंगळे मॅडमना मान्य नव्हती. त्यांच्या लेखी माणसाला फक्त विषय असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू झाले त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये माझे नाव, पदवी, मिळालेले वर्ग आणि वर्षभराने संशोधनासाठी बाहेर पडण्याचा इरादा, असे सगळे व्यवस्थित क्रमाने सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे केमिस्ट्री ना?" तेव्हापासून मी केमिस्ट्री झाले. भौतिकशास्त्राचे सर 'फिजिक्स' होते. संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांना कोणताच विषय नव्हता, म्हणून त्यांचा उल्लेख 'ते' एवढाच होई. नावाने आणि आदराने हाक मारली जाई ती एकट्या शिपाई गणपतरावांना. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "त्यांचं काम दिसतं. आपलं नुसतं टाइमटेबल दिसतं."

मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवत. रोज पांढरी, बारीक काठाची, कडक खळ घातलेली सुती साडी. ज्या गावात सहा महिने चिखल आणि उरलेले सहा महिने बांधकामाची धूळ असते, तिथे रोज पांढरी साडी नेसणे हे एक तर वेडेपण असते किंवा आव्हान. मी शास्त्राची विद्यार्थिनी असल्याने दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या होत्या. त्या मूळच्या परभणीच्या. वर्गात त्यांची भाषा पाठ्यपुस्तकातल्यासारखी प्रमाण असे, पण राग चढला की ती रस्ता बदलून थेट गोदावरीच्या खोऱ्यात उतरे. "काय करायलीस गं तू तिथं मागं?" असा आवाज आला की वर्ग समजून जाई. मुले म्हणत, आज मॅडम परभणीला गेल्यात.

तिसऱ्या मजल्यावर, गच्चीला लागून, पाण्याच्या टाकीशेजारी त्यांची एक खोली होती. कागदोपत्री तिचे नाव 'वनस्पती संग्रहालय'. तिथे पूर्वी वाळवून चिकटवलेल्या वनस्पती होत्या. खाडीच्या दमट हवेने त्यांवर बुरशी आणली आणि बुरशीने उरकले नाही ते कसरीने उरकले. प्राचार्यांनी यावर फार उदार भूमिका घेतली. निसर्गाने निसर्ग खाल्ला, त्यात तक्रार कसली, असे त्यांचे मत पडले. मॅडमनी तक्रार केली नाही. त्यांनी पानांचे ठसे घ्यायला सुरुवात केली.

ही छापण्याची रीत जुनी आणि साधी आहे. लोहाची दोन संयुगे पाण्यात मिसळून कागदावर फासायची आणि कागद अंधारात वाळवायचा. त्यावर पान ठेवून वरून काच दाबायची आणि उन्हात धरायचे. ऊन लागते तिथे कागद गर्द निळा होतो. पानाखालचा भाग धुतल्यावर पांढरा उरतो. निळ्या पाण्यात तरंगणारे पांढरे पान. शिरांसकट, किड्याने पाडलेल्या भोकांसकट.

"एवढा खटाटोप कशाला?" फिजिक्सनी एकदा विचारले. त्यांनी नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि तो जगातल्या सर्व प्रश्नांचे उत्तर आहे अशा स्थितीत ते तेव्हा होते. "एक क्लिक, मॅडम. कॉम्प्युटरवर टाकायचं, झालं."

"तुमच्या फोटोत पान दिसतं," मॅडम म्हणाल्या. "माझ्या कागदावर ते येऊन बसलेलं असतं. पाहुणा दिसणं वेगळं आणि घरी येणं वेगळं."

फिजिक्सनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितले की या विधानाला भौतिकशास्त्रात काही अर्थ नाही. मी सहमती दाखवली. नोकरी नवी होती.

पाने आणायला त्या मुलांना घेऊन घोडबंदरच्या बाजूला खाडीवर जात. पांढरी साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्या चिखलात उतरत आणि मुले काठावर उभी राहून नवे बूट वाचवत. "चिखलाची भीती वाटणाऱ्यांनी डॉक्टर व्हावं," त्या खालून ओरडत. "रक्त निदान साबणानं जातं!" तिवर, चिपी, कांदळ, काटेरी पानांची मारांडी अशा खारफुटीच्या फांद्या घेऊन परतताना एकदा रिक्षावाल्याने आम्हाला अडवले.

"मॅडम, ये कचरा रिक्षा में नहीं चलेगा."

"कचरा नहीं है भैया. ये है इसलिए तुम्हारा घर अभी तक पानी के ऊपर है. कहाँ रहते हो?"

"गोडदेव."

"तो फिर इसको आगे बिठाओ, अपने बाजू में."

तिवराची फांदी खरोखरच पुढे बसून आली. मॅडम, मी आणि एक विद्यार्थिनी, आम्ही तिघी मागे दाटीवाटीने.

खाडीचा तो तुकडा उन्हाळा उलटेपर्यंत टिकला नाही. त्यावर आधी राडारोडा पडला, मग माती, मग एक फलक, ज्यावर 'निसर्गाच्या सान्निध्यात' असे लिहिले होते. आमचे सेक्रेटरी साहेब बांधकामाच्या मालाचा व्यापार करीत. तो भराव त्यांच्या ट्रकांनी टाकला, असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. ट्रकांचा रंग तोच होता, एवढेच निरीक्षण मी नोंदवू शकते. त्या तुकड्यावरच्या झाडांपैकी आता शिल्लक होते ते मॅडमच्या खोलीतले ठसे. ते पुन्हा घेता येणार नव्हते, कारण ठेवायला पानच नव्हते.

सेक्रेटरी साहेब एकदा खोली पाहायला आले. त्यांना तिथे संगणक कक्ष हवा होता. संगणक आले होते. फक्त खोक्यांतून बाहेर आले नव्हते. भिंतींवरून नजर फिरवून ते हसत म्हणाले, "मॅडम, सगळं निळंच? म्हणजे तुमच्याकडचं आवडतं, ते कळतं हो आम्हाला. पण कॉलेज सगळ्यांचं आहे ना!"

खोलीत आम्ही चौघे होतो आणि चौघांनाही ते बरोबर कळले. गणपतराव खिडकीबाहेर पाहू लागले. फिजिक्स कॅमेऱ्याचे झाकण शोधू लागले.

"लोखंड आहे ते," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी वर्गातला, प्रमाण. "लोखंडाला जात नसते, साहेब. गंज असतो. तो कशालाही धरतो."

साहेबांनी हा विनोद असल्याचे ठरवले आणि हसून निघून गेले. मोठ्या माणसांकडे ही सोय असते.

मग पावसाळा आला आणि ठसे फिके पडू लागले.

आधी कडा. मग गर्द निळा होता तो धुऊन विटलेल्या गणवेशाच्या रंगावर आला. गणपती उठेपर्यंत काही कागदांवर निळा असा उरलाच नाही. नुसती पिवळट-तांबूस छटा आणि तिच्यात पानाचा संशय. सर्वांत आधी गेले ते जुने ठसे, म्हणजे नेमके त्या बुजवलेल्या तुकड्यातले.

स्टाफरूम मदतीला धावून आली. विद्वानांची आमच्याकडे कधीच टंचाई नव्हती. फिजिक्सनी उन्हाला दोषी ठरवले. गणिताच्या सरांनी खोलीचे तोंड नैर्ऋत्येला असल्याकडे लक्ष वेधले. मराठीच्या बाईंनी नश्वरतेवर दोन वाक्ये सांगितली. प्राचार्य म्हणाले, "मी म्हणतच होतो," आणि काय म्हणत होतो ते सांगितले नाही.

मॅडम माझ्याकडे आल्या. "केमिस्ट्री, वर चल. तुमचं लोखंड पळून चाललंय."

उन्हाचा आरोप तपासणे सोपे होते. उजेडाने फिका झालेला हा निळा अंधारात ठेवला तर हवेतला प्राणवायू घेऊन बराचसा परत येतो. हा या रंगाचा फार सभ्य गुण आहे. एवढा क्षमाशील रंग दुसरा मला ठाऊक नाही. आम्ही काही ठसे कपाटात बंद केले. बाहेर काढले तेव्हा ते आणखी फिके झाले होते. म्हणजे चोर बाहेरून येत नव्हता. तो कागदातच राहत होता. मी लाल लिटमसची ओली पट्टी ठशाच्या पांढऱ्या भागावर टेकवली. ती निळी झाली. त्या कागदावर निळे व्हायला राजी असलेली एवढी एकच वस्तू उरली होती.

याचा अर्थ अल्कली. हा रंग आम्ल सोसतो, पण अल्कलीपुढे मोडतो. मी नळाचे पाणी तपासले, टँकरचे तपासले, भिंतीचा रंग खरवडून तपासला. सगळे निर्दोष. शेवटी मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही ठसा करताना मी नुसती बघत बसते."

त्यांनी कागद उन्हात धरला, टबात धुतला, पाणी बदलून पुन्हा धुतला. हात इतका हलका की पाण्याला कळू नये. मग त्यांनी दुसरा टब ओढला आणि डब्यातून मूठभर पांढरी पूड त्यात टाकली.

"हे काय?"

"सोडा."

"कुठला सोडा?"

"धुण्याचा. दुसरा कुठला? प्यायचा?"

"तो का घालताय?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशा नजरेने मी रसायनशास्त्राच्या पेपरला आम्ल म्हणजे काय असे विचारणाऱ्या मुलाकडे पाहते. "पांढरं पांढरं व्हायला."

मी समजावून सांगितले. संयुग, विघटन, कागदात उरणारा अंश, दमट हवेत त्याचे चालू राहणारे काम. वर्षभर फळ्यावर मी यापेक्षा चांगले काही शिकवले नव्हते. मॅडम ताबडतोब परभणीला गेल्या.

"कामून? सोड्यानं घाण जाती. रंग कामून जाईल? काहीबी सांगायलीस का?"

"मॅडम, सोड्याला घाण आणि रंग यांतला फरक कळत नाही."

"तुला कळतो ना? मग दाखव."

आम्ही एकाच फांदीच्या दोन पानांचे ठसे घेतले. एक सोड्यातून काढला, एक नुसत्या पाण्यातून, आणि दोन्ही त्याच दमट खोलीत शेजारी शेजारी टांगले. पुढे जे व्हायचे ते झाले. सोड्याचा ठसा विरत गेला. दुसरा ठणठणीत निळा राहिला, मात्र त्याच्या पानाच्या पांढऱ्यावर एक पुसट पिवळसर झाक राहिली. मॅडम दोन्हींसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मी निष्कर्षाची वाट पाहत होते.

"हा पिवळट आहे," त्या म्हणाल्या.

"पण निळा टिकलाय, मॅडम."

"पिवळट आहे."

त्या स्टुलावर बसल्या, पदराने हात पुसले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागल्या, जणू टाकीला सांगत होत्या.

"आमच्या शाळेत बाई रोज कपडे तपासायच्या. सगळ्यांचे नाही. आमच्या वस्तीतल्या पोरींचे. कॉलर उलटी करून बघायच्या. इतर पोरींचा फ्रॉक मळला तर म्हणायच्या, खेळून आली. आमचा मळला तर म्हणायच्या, ह्यांचं असंच. माझी आई दोनदा सोडा घालायची. बोटं सोलून निघायची तिची. पण कॉलर उलटी केली की बाईंना बोलायला जागा राहायची नाही." मग म्हणाल्या, "आईला कोण सांगणार होतं लोखंडाचं?"

मी सोड्याच्या डब्याला झाकण लावले.

इकडे खाली तपासणी समितीची तयारी सुरू होती. मान्यतेच्या नूतनीकरणासाठी समिती येणार म्हणून संस्थेने कुंड्या भाड्याने आणल्या, ग्रंथालयाच्या पुस्तकांवरची धूळ ग्रंथालयाच्या फर्निचरवर आणली, आणि मग दाखवायला काय आहे याचा शोध घेतला. संगणक खोक्यांतच होते. तेव्हा सेक्रेटरी साहेबांना मॅडमच्या पानांची आठवण झाली. "ते तुमचं एन्व्हायर्न्मेंटचं लावा ना कॉरिडॉरमध्ये," ते म्हणाले. "त्या खाडीवालं. समितीला असलं आवडतं." ज्या तुकड्याची समिती वाखाणणी करणार होती, त्यावर तेव्हा दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडत होता.

मॅडमनी ठशांची पेटी उघडली. खाडीचे ठसे जवळजवळ कोरे झाले होते. काही कागद उजेडासमोर तिरपे धरावे लागत, तेव्हा कुठे पानाची कड सापडे.

"गेली," त्या म्हणाल्या. "आधी तिथून गेली, आता इथून. पहिल्यांदा त्यांनी घालवली, दुसऱ्यांदा मी."

"पूर्ण गेलेली नाहीत," मी म्हणाले. "निळा मोडला, पण लोह कागदातच आहे. ती पिवळट छटा म्हणजे तेच. त्याला टॅनिन दिलं तर ते काळं होईल. जुनी शाई अशीच करायचे. कोरा चहा चालेल, कडक."

"निळं येईल?"

"नाही. काळपट, जांभळट. पण पान दिसेल."

"आणि पांढरं?"

मला हा प्रश्न येईल हे माहीत होते, आणि तो यायला नको होता. "कागद चहा पिणार, मॅडम. सगळाच. पांढरं राहणार नाही. चहाचा डाग पडलेल्या कापडासारखं होईल. ते नंतर कशानंही निघणार नाही."

त्यांनी वरचा कागद हातात घेतला. मागे पेन्सिलीने झाडाचे नाव होते: मारांडी. पुढे काहीच नव्हते; पिवळट छटाही तिरपे धरल्याशिवाय दिसू नये असा कागद. त्यांच्या आईला अभिमान वाटला असता इतका पांढरा. बाहेर टाकी भरून वाहू लागली आणि कोणीतरी खालून पंप बंद करा म्हणून ओरडले, तरी त्या तशाच बसून होत्या.

"बुडव," त्या म्हणाल्या. मग हात पुढे करून म्हणाल्या, "नको. दे इकडं. मीच बुडवते."

गणपतरावांना हाक गेली. ते खालून भले मोठे पातेले भरून कोरा चहा घेऊन आले, नंतर दुसरे, नंतर तिसरे. मी वासावरून सांगितले की चहा फार चांगल्या प्रतीचा आहे. "आहेच," ते म्हणाले. "समितीसाठी आणलेला. साहेबांनी स्वतः आणला." मॅडमनी त्यांच्याकडे पाहिले. ते पुढे म्हणाले, "तुमी म्हनला कडक पायजे. आपला रोजचा काय कडक नसतो."

मारांडीचा कागद चहात गेला. काही वेळ काहीच घडले नाही. मग काठाकडून करडेपणा आला, तो गडद झाला, आणि त्या करड्यातून एकेक काटा वर आला. पानाच्या कडेचे सगळे काटे. मधली शीर. किड्याने खाल्लेला कोपरा. फिकुटलेल्या तपकिरी रंगाचे पान, भोवती काजळासारखा काळा. मॅडमनी तो कागद टबातून उचलून धरला. चहा त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला आणि पांढऱ्या साडीवर टपकत राहिला. त्यांनी साडी आवरली नाही.

"आली गं," एवढेच म्हणाल्या.

समिती आली. कॉरिडॉरमध्ये ठसे लागले होते. समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा लावून मारांडी पाहिली आणि ही छपाई कुठे केली असे विचारले. सेक्रेटरी साहेबांनी, संस्था याबाबतीत पहिल्यापासून जागरूक आहे, असे उत्तर दिले. मग मागे वळून मॅडमना हळू आवाजात म्हणाले, "निळं काढलंत वाटतं शेवटी? बरं केलंत."

"निळं गेलं," मॅडम मोठ्याने म्हणाल्या, समितीला ऐकू जाईल अशा आवाजात. "पानं आहेत. झाडं कुठं गेली ते साहेबांना विचारा, त्यांना जागा माहीत आहे."

गृहस्थांनी खरोखर साहेबांकडे पाहिले. साहेबांनी गणपतरावांकडे पाहिले आणि तातडीने चहा आणायला सांगितले. गणपतराव अत्यंत नम्रपणे म्हणाले, "चहा संपला, साहेब." समितीने सरबत घेतले. अहवालात कॉरिडॉरमधल्या प्रदर्शनाचे कौतुक आले आणि त्याचे श्रेय व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीला मिळाले. संगणक कक्ष मात्र तिसऱ्या मजल्यावरच झाला, कारण ते आधीच ठरले होते. ज्या गोष्टी आधीच ठरलेल्या असतात, त्यांच्यासाठी आपल्याकडे समित्या येतात. ठसे कॉरिडॉरमध्येच राहिले आणि मॅडमचे टब उघड्या गच्चीवर गेले. ऊन तिथे जास्त मिळते, एवढीच त्यांची प्रतिक्रिया.

माझे वर्ष संपले. संशोधनाची जागा मिळाली होती, सामान बांधून झाले होते. निरोप घ्यायला मी गच्चीवर गेले. मॅडम टबापाशी उकिडव्या बसल्या होत्या, भोवती अकरावीची मुले. ठसे पुन्हा निळेच होत होते; गुलमोहराची, बदामाची, रस्त्यावर मिळतील ती पाने. शेवटच्या टबात आता लिंबू पिळलेले असे. एका मुलीने तिचा ओला कागद वर धरला होता आणि ती रडवेली झाली होती.

"मॅडम, माझं पान पिवळट राहिलंय. कितीपण धुतलं तरी जातच नाहीये. अजून घासू?"

मॅडमनी कागद तिच्या हातून घेतला. मला वाटले, आता परभणी. त्यांनी तो उन्हाकडे धरला, मान तिरपी करून पाहिला, आणि दोरीवर चिमटा लावून टांगला.

"पुरे धुणं," त्या म्हणाल्या. "आहे तसं राहू दे."

मुलगी काही बोलणार होती, पण मॅडमनी पुढचा कागद मागायला हात केला होता. मी दारात उभी आहे हे त्यांनी पाहिले होते. हात आता पुन्हा पाण्यात होते, म्हणून मानेनेच मला जा म्हणाल्या.